पार्सल निघण्याआधी

चीनमधल्या दुकानातून ऑनलाइन मागवलेला दोनशे युआनचा बूट न्यू जर्सीत किंवा म्युनिकमध्ये पोचल्यावर तोकडा निघाला, तर तो परत पाठवण्याचा खर्च बुटाच्या किमतीच्या वर जाऊ शकतो. दुकानदार चिनी, तक्रार चिनीत लिहायची, आणि सीमाशुल्क भरले असेल तर तेही सहसा गेल्यात जमा. त्यामुळे असा बूट बहुतेक वेळा परत जातच नाही; कपाटात पडून राहतो, नाहीतर ओळखीतल्या कोणाच्या तरी पायात जातो. माल नाकारण्याची स्वस्त संधी या व्यवहारात एकदाच येते. माल दुकानातून निघालेला असतो, पण देशाबाहेर पडलेला नसतो, तेवढ्या अवधीत. त्या अवधीत मालाकडे कोण बघते, काय बघते आणि कोणाच्या वतीने बघते, यावर पुढचे सगळे अवलंबून असते.

हे बघण्याचे काम करणारा एक अख्खा धंदा चीनच्या दक्षिणेकडच्या प्रांतांत, विशेषतः ग्वांगडाँगमध्ये उभा राहिला आहे. ताओबाओ ही अलीबाबा कंपनीची बाजारपेठ २००३ मध्ये सुरू झाली; १६८८ हे तिचे घाऊक भावंड. दोन्हींवरचे बहुतेक दुकानदार फक्त देशांतर्गत माल पाठवतात आणि चिनी पद्धतीनेच पैसे घेतात. परदेशी गिऱ्हाईक आणि दुकानदार यांच्यामध्ये म्हणून खरेदी एजंट उभा असतो. मार्केट यार्डातल्या अडत्यासारखा. फक्त त्याचा गाळा म्हणजे एक वेबसाइट आणि एक भलेमोठे गोदाम. गिऱ्हाइकाने दुकानातल्या मालाची लिंक द्यायची, पैसे भरायचे. एजंट तो माल स्वतःच्या नावाने विकत घेतो आणि गोदामात मागवतो. तिथला कर्मचारी पाकीट उघडतो, माल टेबलावर पसरतो, चार-सहा फोटो काढतो, वजन करतो आणि सगळे गिऱ्हाइकाच्या खात्यात टाकतो. फोटो पसंत पडले तर माल फळीवर जाऊन बसतो. पाच-सात वस्तू जमल्या की त्यांचे एकच पार्सल बांधून परदेशी रवाना होते. फोटो पसंत पडले नाहीत तर माल दुकानदाराकडे परत.

हे परत जाणे शक्य होते ते कायद्यामुळे. चीनच्या ग्राहक हक्क संरक्षण कायद्यातली २०१३ ची दुरुस्ती १५ मार्च २०१४ पासून लागू झाली. तिने ऑनलाइन घेतलेला माल हातात पडल्यापासून सात दिवसांत, कारण न देता परत करण्याचा हक्क ग्राहकाला दिला. मापाप्रमाणे बनवून घेतलेल्या किंवा नाशवंत वस्तूंसारखे काही अपवाद त्याला आहेत, आणि परत केलेला माल धड असला पाहिजे अशी अट आहे. गोदामात माल उतरला की हे दिवस सुरू होतात. म्हणून अनुभवी गिऱ्हाईक फोटो आल्या दिवशीच बघते, आणि लेबल किंवा टॅग कापू नका, असे एजंटला आधीच बजावून ठेवते. माल विमानात चढला की हा हक्क कागदावर उरतो. जुन्या वस्तू विकणाऱ्या खाजगी माणसांकडून खरेदी केली असेल तर तेवढाही आधार सहसा नसतो.

पाठवण्याआधी कापड तपासण्याची रीत इंटरनेटची नाही. इंग्रजांच्या ईस्ट इंडिया कंपनीची वखार सुरतेत १६१३ मध्ये उभी राहिली, आणि गुजरातचे बाफ्ते, कोरोमंडलची छिटे, बंगालची मलमल लंडनला जाऊ लागली. समुद्रप्रवास सहा-सहा महिन्यांचा. खराब तागा परत पाठवण्याचा प्रश्नच नव्हता. त्यामुळे वखारीतच तागे उलगडून लांबी-रुंदी मोजली जाई, ठरलेल्या नमुन्याशी वीण ताडून पाहिली जाई आणि मालाची प्रतवारी लागे. पसंत न पडलेला माल विणकराच्या अंगावर पडे. तपासणारा नोकर खरेदीदाराचा, त्यामुळे त्याची नजर खरेदीदाराच्या फायद्याची. प्लासीनंतर बंगालमध्ये कंपनीचीच सत्ता आली, तेव्हा याच प्रतवारीने विणकरांना कसे नाडले जाते, हे कंपनीचाच माजी नोकर विल्यम बोल्ट्स याने १७७२ च्या आपल्या पुस्तकात लिहून ठेवले आहे. तपासणी नुसती कापडाची होत नसते. भाव पाडण्याचे ते हत्यारही असते.

पुढे तपासणी हा तिऱ्हाइताचा व्यवसाय झाला. ब्युरो व्हेरिटास १८२८ मध्ये अँटवर्पला जहाजांच्या माहितीसाठी सुरू झाली, एसजीएस १८७८ मध्ये फ्रान्समधल्या रूआँ बंदरात धान्य तपासायला. आज याच कंपन्यांची माणसे तिरुप्पूर, ढाका किंवा ग्वांगझोच्या कारखान्यांत कपडे उलटसुलट करून पाहतात. एवढ्या मोठ्या ढिगातला प्रत्येक नग बघणे त्यांना परवडत नाही. मग किती बघायचे? याचे उत्तर कपड्यांच्या नव्हे, दारूगोळ्याच्या कोठारातून आले. प्रत्येक तोफगोळा उडवून पाहिला तर लढायला काहीच उरणार नाही, म्हणून दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी लष्कराने नमुना-तपासणीची कोष्टके वापरली. बेल लॅबोरेटरीजमधल्या हॅरॉल्ड डॉज आणि हॅरी रोमिग यांच्या कामाचा त्यामागे मोठा वाटा होता. त्या कोष्टकांची आजची रूपे म्हणजे आंतरराष्ट्रीय मानक आयएसओ २८५९ आणि भारतीय मानक आयएस २५००.

हिशेब असा चालतो. दोन हजार शर्टांची ऑर्डर असेल, तर नेहमीच्या पातळीला त्यातले १२५ शर्ट निवडायचे. मोठ्या दोषांसाठी २.५ ही मर्यादा ठरली असेल, तर १२५ पैकी सातांत मोठा दोष सापडला तरी अख्खा माल पास. आठवा सापडला की नापास. सुटलेली शिलाई, भोक किंवा चुकीचे माप हे मोठे दोष. लोंबणारा धागा किरकोळ. कपड्यात राहिलेले सुईचे तुटके टोक मात्र एकही चालत नाही. जपानमध्ये सदोष मालाच्या जबाबदारीचा कायदा जुलै १९९५ मध्ये लागू झाला, आणि तिथल्या खरेदीदारांनी प्रत्येक कपडा सुई शोधणाऱ्या यंत्राखालून काढण्याचा आग्रह धरला. हे यंत्र लोखंड ओळखते, म्हणून जपानला जाणाऱ्या कपड्यांची बटणे आणि चेनसुद्धा यंत्राला हरकत न येणाऱ्या धातूची निवडावी लागतात.

म्हणजे पास झालेल्या मालातही थोडे दोषी नग असणार, हे मोठ्या व्यापाराने गृहीतच धरलेले असते. नापास झालेला किंवा जास्तीचा माल वाया जात नाही. तो देशातल्या देशात स्वस्तात विकला जातो. मुंबईच्या फॅशन स्ट्रीटवर ‘एक्स्पोर्ट सरप्लस’ म्हणून मिळणारे, लेबल कापलेले शर्ट असेच आलेले असतात, आणि चिनी ऑनलाइन दुकानांतही असा माल भरपूर असतो. एकच शर्ट घेणाऱ्याला टक्केवारीचा काही उपयोग नाही. त्याच्या वाट्याला आठवा शर्ट आला, तर त्याच्यापुरता दोष शंभर टक्के.

गोदामातल्या तपासणीत सर्वांत उपयोगी पडणारे साधन कॅमेरा नाही, मापपट्टी आहे. चिनी कपड्यांवर ‘१७०/९२ए’ असा शिक्का दिसतो. तो कपड्याच्या नव्हे, माणसाच्या अंगाचा असतो: उंची १७० सेंटिमीटर, छाती ९२, आणि ‘ए’ म्हणजे छाती-कमरेतला फरक, पुरुषांच्या बाबतीत १२ ते १६ सेंटिमीटर. त्या अंगावर कपडा किती सैल बसावा, हे ज्याचा तो कारखाना ठरवतो. त्यामुळे ‘एक्सएल’ या अक्षरांवर विसंबून उपयोग नसतो. घरातला, अंगाला नीट बसणारा शर्ट सपाट पसरून एका काखेपासून दुसऱ्या काखेपर्यंतचे अंतर, खांद्यांची रुंदी, बाहीची आणि पाठीची लांबी मोजायची, आणि गोदामातल्या शर्टाची तीच चार मापे पट्टी ठेवून काढलेल्या फोटोंत मागायची. हाताने मोजताना एक ते तीन सेंटिमीटर फरक पडेल, असे दुकानदार आधीच लिहून ठेवतात. त्यात सुती होजिअरीचे आटणेही धरावे लागते. ७० सेंटिमीटर लांबीचा टी-शर्ट पाच टक्के आटला, तर साडेतीन सेंटिमीटर गेले.

बुटांत गोंधळ जास्त. युरोपियन नंबर दोन तृतीयांश सेंटिमीटरने वाढतो, भारतात रुळलेला ब्रिटिश नंबर एक तृतीयांश इंचाने, म्हणजे सुमारे साडेआठ मिलिमीटरने. चिनी माप सरळ पावलाच्या लांबीचे असते, २६० म्हणजे २६० मिलिमीटर. एका पद्धतीतून दुसरीत जाताना अर्धा नंबर इकडचा तिकडे होणारच. खात्रीचा उपाय म्हणजे आतला सुटा तळ, इनसोल, काढून पट्टीसह त्याचा फोटो घेणे, आणि भिंतीला टाच टेकवून मोजलेल्या आपल्या पावलाशी तो ताडणे. तळ पावलापेक्षा पाच ते दहा मिलिमीटर लांब असावा. रुंदी मात्र कोणी विचारत नाही, आणि भारतीय पावलाचा प्रश्न तिथेच आहे. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने २०२१-२२ मध्ये देशातल्या ७९ ठिकाणी एक लाखाहून अधिक लोकांची पावले मोजली, तेव्हा ती परदेशी साच्यांच्या मानाने रुंद असल्याचे दिसले. भारतीय मापांसाठी ‘भ’ हे नाव सुचवले गेले ते या पाहणीनंतर. लांबी बरोबर असूनही चवड्याशी बूट आवळतो, त्याचे मूळ इथे आहे. तळाच्या सर्वांत रुंद भागाचे एक माप जास्त मागितले की हा धोका बराच कमी होतो.

जोड तपासताना दोन्ही बूट शेजारी ठेवून मागून घेतलेला फोटो सगळ्यांत जास्त बोलतो. टाचांची उंची सारखी आहे का, बूट एका बाजूला कललेला आहे का, वरच्या भागाची शिवण मधोमध आहे का, हे त्यात लगेच दिसते. मग तळ आणि वरचा भाग जिथे चिकटतात ती कड. बाहेर ओघळलेला गोंद दिसायला वाईट, पण निरुपद्रवी. कडेला दिसणारी फट मात्र पुढे वाढत जाते. दोन्ही जिभांच्या आतले नंबर वाचता येतील असे फोटोही हवेत, कारण एकच नंबर छापलेल्या खोक्यात डावा ४१ आणि उजवा ४२ निघू शकतो.

कपड्यात उजवी बाजू कोणीही दाखवते. काम उलट्या बाजूचे. शिलाईच्या बाहेर किती कापड सोडले आहे, काखेत आणि दोन पायांच्या जोडावर दुहेरी शिलाई आहे का, चौकड्याच्या शर्टात खिशाचे चौकडे अंगाच्या चौकड्यांशी जुळतात का. शेवटची गोष्ट फक्त देखणेपणाची वाटते, पण चौकडा जुळवायला कापड जास्त लागते, आणि जो कारखाना तिथे कापड वाचवतो तो आणखी कुठे वाचवत असेल, याचा अंदाज येतो.

रंगाच्या बाबतीत फोटोवर विश्वास ठेवणे अवघड. कारखान्यातले तपासनीस ६५०० केल्व्हिनच्या, ढगाळ दुपारच्या उजेडासारख्या दिव्याखाली पेटीत कापड ठेवून बघतात, आणि मग दुकानातल्या दिव्याखाली पुन्हा. कारण एका उजेडात जुळणारे दोन रंग दुसऱ्या उजेडात वेगळे दिसू शकतात. गोदामात असली पेटी नसते. छताला एलईडी आणि हातात मोबाइल. कपड्याशेजारी एक कोरा पांढरा कागद ठेवून फोटो काढायला सांगितले, तर निदान उजेड पिवळा आहे की निळा, हे कळते आणि तेवढे मनातून वजा करता येते. रंग सुटतो का, हे पाहायला ओला पांढरा रुमाल गडद कापडावर दहा वेळा घासून त्या रुमालाचा फोटो मागता येतो. प्रयोगशाळेतली घर्षण-चाचणी तत्त्वतः हीच. तिथे रुमालावरचा डाग करड्या पट्टीशी ताडून एक ते पाच असे गुण देतात.

वजनाचा आकडा बहुतेक जण फक्त टपालखर्चासाठी बघतात. पण ‘जाड सुती’ म्हणून विकलेला मोठ्या मापाचा हूडवाला स्वेटशर्ट काट्यावर तीनशे ग्रॅमच भरला, तर तो जाड नाही, हे फोटोशिवायच समजले. बुटांत वजनाची दुसरी गंमत आहे. कुरिअर कंपन्या प्रत्यक्ष वजन आणि आकारमानाचे वजन यांतले जे जास्त असेल ते लावतात. घनसेंटिमीटरांना पाच हजाराने भागायचे, ही नेहमीची पद्धत. ३५ बाय २२ बाय १३ सेंटिमीटरचे खोके या हिशेबाने दोन किलोंचे होते, आतला जोड एक किलोचाही नसला तरी. म्हणून गोदामात खोकी काढून टाकायला सांगतात. मग बुटांच्या पोटात कागद कोंबून द्या, हेही सांगावे लागते, नाहीतर तपासून पास केलेला जोड प्रवासात चेपतो.

इथवर डोळ्यांनी आणि पट्टीने कळणाऱ्या गोष्टी झाल्या. त्यांच्या पलीकडे बरेच काही राहते. सोल महानगर प्रशासनाने ऑगस्ट २०२४ मध्ये शीन, टेमू आणि अलीएक्स्प्रेसवरून घेतलेल्या मालाच्या तपासणीचे निष्कर्ष जाहीर केले, तेव्हा शीनच्या एका बुटात थॅलेट ही रसायने कोरियाच्या मर्यादेच्या २२९ पट आढळली होती. फोटोत तो बूट इतर कुठल्याही बुटासारखाच दिसला असता. त्याआधी युरोपात डायमिथाइल फ्युमरेटचे प्रकरण गाजले होते. बुरशी लागू नये म्हणून चामड्याच्या सोफ्यांत आणि बुटांच्या खोक्यांत या पावडरीच्या पुड्या टाकल्या जात. त्यांनी अनेकांची त्वचा भाजल्यासारखी झाली, आणि २००९ मध्ये युरोपीय संघाने किलोमागे ०.१ मिलिग्रॅमहून जास्त प्रमाण असलेला माल विकायला बंदी केली. खोक्यात निनावी पुडी दिसली तर ती पार्सलमधून काढायला सांगणे हे फोटो बघणाऱ्याला करता येण्यासारखे आहे. बाकीचे प्रयोगशाळेचे काम.

वयाचेही तसेच. जपानमधल्या लिलावांतून जुने पण न वापरलेले स्पोर्ट्स शूज मागवणाऱ्यांना हा फटका बसतो. पॉलियुरेथेनचा मधला तळ हवेतल्या ओलाव्याने हळूहळू विघटित होतो, बूट पायात घातला नाही तरी. दहा-पंधरा वर्षे खोक्यात जपलेला कोरा जोड पहिल्याच दिवशी चालता चालता भुगा होऊ शकतो. जिभेच्या आतल्या लेबलावर बहुधा उत्पादनाची तारीख असते, म्हणून बुटाच्या चकचकीत फोटोंपेक्षा त्या लेबलाचा फोटो मोलाचा.

आणि अस्सल-नकलीचा प्रश्न आला की तपासनिसाचेच हितसंबंध तपासावे लागतात. डेट्रॉइटची स्टॉकएक्स ही कंपनी २०१६ पासून विकणाऱ्याचा बूट आधी स्वतःच्या केंद्रात मागवते, पारखते आणि मगच घेणाऱ्याला पाठवते. तरीही नायकेने भरलेल्या खटल्यात मार्च २०२५ मध्ये न्यूयॉर्कच्या फेडरल न्यायालयाने ३७ नकली जोड विकल्याबद्दल तिला जबाबदार धरले. सराईत पारख्याच्या हातूनही माल सुटतो. चिनी खरेदी एजंटाकडे तर अस्सलपणाची पारख नसतेच. अनेक जण नियमांत तसे स्पष्ट लिहितात. शिवाय त्याची बरीचशी कमाई परदेशी टपालखर्चावर असते. माल परत गेला तर त्याला ती मिळत नाही. पार्सल निघाले तर मिळते. तो लबाड असतो असे नाही, पण गिऱ्हाइकाने न विचारलेला दोष स्वतःहून शोधण्यात त्याचा फायदा नाही. वखारीतला नोकर खरेदीदाराच्या पगारावर होता; गोदामातला कर्मचारी तसा नाही.

भारतातून या वाटेने जाणे आता अवघड झाले आहे. चिनी ॲपांवरच्या २९ जून २०२० च्या बंदीत शीन आणि क्लब फॅक्टरी होत्या, त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात अलीएक्स्प्रेसही गेले. टपालाने ‘भेट’ म्हणून येणाऱ्या वस्तूंची शुल्कमुक्त वाट डिसेंबर २०१९ मध्येच जवळपास बंद झाली होती. मात्र उलट्या दिशेची वाहतूक मराठी घरांना चांगली परिचयाची आहे. परदेशी राहणारी मंडळी लग्नसराईला येवल्याची पैठणी किंवा कोल्हापुरी चप्पल भारतातल्या ऑनलाइन दुकानातून घेतात, पुण्या-मुंबईतल्या पार्सल कंपनीच्या पत्त्यावर मागवतात, आणि तिथून एकत्र पार्सल जाते. अमेरिकेने २९ ऑगस्ट २०२५ पासून ८०० डॉलरपर्यंतची शुल्कमाफी सगळ्याच देशांसाठी काढून घेतली. भारतीय टपाल खात्याने तिकडची पार्सले त्याच सुमारास थांबवली आणि १५ ऑक्टोबरला पुन्हा सुरू केली. आता साडीवर शुल्कही बसते, म्हणजे चुकीची साडी पोचली तर नुकसान पूर्वीपेक्षा मोठे.

या पार्सल कंपन्या निषिद्ध वस्तू नाहीत ना, एवढेच सहसा बघतात. दर्जाची तपासणी वेगळी मागावी लागते. चीनच्या गोदामाला विचारायचे प्रश्न इथे बदलतात. पैठणीच्या पदराचा आणि काठाचा उलट बाजूने जवळून घेतलेला फोटो हवा. पारंपरिक पद्धतीने हातमागावर रंगाचा धागा धाग्यात अडकवून विणलेली नक्षी दोन्हीकडून सारखी दिसते. मागे मोकळे किंवा कापलेले धागे असतील तर ती ब्रोकेडची किंवा यंत्रमागाची. ब्रोकेड वाईट नसते, पण तिची किंमत वेगळी असली पाहिजे. रेशमासाठी केंद्रीय रेशीम मंडळाच्या पुढाकाराने २००४ पासून सिल्क मार्कचे लेबल मिळते. त्याचा क्रमांक वाचता येईल असा फोटो मागावा. कोल्हापुरीसाठी पाऊल कागदावर आखून त्यावर मिलिमीटरमध्ये लांबी-रुंदी लिहायची, आणि पार्सल कंपनीत तोच कागद छापून त्यावर चप्पल ठेवून फोटो घ्यायला सांगायचे. चामड्यावर पावसाळ्यात धरलेली बुरशीही याच फोटोत दिसते. आणि साडीच्या बाबतीत दुकानदार मोफत फॉल-पिको करून देतो म्हणाला, तरी आधी फोटो बघून होईपर्यंत त्याला थांबवायचे. फॉल लागला की काठाची उलटी बाजू त्याखाली झाकली जाते, आणि फॉल लावलेली साडी बहुतेक दुकाने परत घेत नाहीत.